ग्रीन बिल्डिंग मोबाईलमधून दाखवा, पण खरी दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कॉलेजांच्या जाहिरातीत ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर) फार दिसायला लागलीय, म्हणजे मोबाईलचा कॅमेरा भिंतीवर धरला की स्क्रीनवर त्याच भिंतीवर बाण, आकृत्या, माहिती उमटते, आणि ग्रीन कॅम्पस (वीज-पाणी वाचवणाऱ्या इमारती) शिकवायला हे वापरा म्हणतात. मी पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकवतो, मला कल्पना पटते, कारण अशा इमारतीत जे खरं काम चालतं ते डोळ्यांना दिसतच नाही. गुरुग्रामजवळ टेरी या ऊर्जा-पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेची रिट्रीट नावाची इमारत आहे, तिथे खोल्यांत येणारी हवा आधी जमिनीखाली 4 मीटरवरच्या बोगद्यांतून फिरवतात, तेवढ्या खोलीवर मातीचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही म्हणून उन्हाळ्यात हवा गार होऊन वर येते. ग्रिहाचं (ग्रीन इमारतींना तारे देणारी आपली भारतीय पद्धत) फाइव्ह स्टार रेटिंग देशात पहिल्यांदा मिळालेली आयआयटी कानपूरची इमारत, तिथेही हीच युक्ती. आता पोरांना तिथे नेऊन उभं केलं तर काय दिसणार, लॉन! तेच कॅमेऱ्यातून जमिनीच्या आतली हवेची वाट दाखवली तर पाच मिनिटांत विषय कळतो.

उन्हाचंही तसंच. पुण्यात डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो, मे आणि जुलैत शून्य सावलीच्या दिवशी बरोब्बर डोक्यावर, आणि मधे जूनमध्ये चक्क थोडा उत्तरेला. फळ्यावर हे कितीही वेळा काढा, दक्षिणेच्या खिडकीला पुरणारा छज्जा पश्चिमेला का पुरत नाही हे निम्म्या वर्गाला कळत नाही (संध्याकाळचं ऊन आडवं येतं हो, छज्जाखालून सरळ आत!). खिडकीसमोर उभं राहून आकाशात सूर्याची वाटच दिसली तर फळ्याची गरज नाही.

पण आत्तापर्यंत जे डेमो पाहिले त्यात हिरवी पानं उडतात, एक कार्टून येतं आणि आमची इमारत किती छान ते सांगतं. ही जाहिरात झाली. मला पोरांना मीटर दाखवायचाय. सोलरच्या 1 किलोवॅटमागे आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिट यावेत, मग पॅनेलवर मोबाईल धरला की काल किती आले ते दिसू दे, धुळीने कमी आले असतील तर कमीच दिसू दे. 1000 चौरस मीटर गच्चीवर पुण्याचा 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 7 लाख लिटर, वाया जाणारं सोडलं तरी साडेपाच लाख कुठे गेले नाहीत. टाकीत किती उतरले? पाइप तुंबलाय का?

आणि हे ॲप बाहेरच्या कंपनीकडून विकत घेऊ नका, पोरांकडूनच करून घ्या, पाइप शोधताना आणि रीडिंग घेतानाच ती जास्त शिकतील. सगळ्यांच्या फोनवर एआर चालत नाही, त्याला चारजणांत एक टॅब पुरतो. खरी अडचण ड्रॉइंगची आहे, काम झाल्यावर प्रत्यक्षात पाइप आणि वायरी कुठून गेल्या त्याचे नकाशे बऱ्याच कॉलेजांत कपाटात कुलपाखाली असतात, ते आधी वर्गात येऊ द्या.

– एक शिक्षक, पुणे