स्पर्धा जेटमध्ये, आम्ही कुडाळ स्टेशनात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मोठ्या केबिनच्या खासगी जेट विमानांवर आपण अर्धे पान खर्ची घातले आहे. काल दुपारी जेवण झाल्यावर ते वाचायला घेतले आणि वामकुक्षी गेली. म्हणून हे पत्र.

आधी हिशोबाचे बोलू. कॅनडाच्या बोंबार्डिए कंपनीच्या ग्लोबल 8000 या विमानाचा पल्ला 8,000 सागरी मैल, इथपर्यंत आपल्या लेखकाचे बरोबर आहे. पण पुढे कंसात 12,874 किलोमीटर छापले आहे. तो रस्त्यावरचा मैल झाला. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो. गुणाकार केला तर 14,816 किलोमीटर येतात. म्हणजे मुंबईहून सरळ कोलकात्यापर्यंत जेवढे अंतर, त्याहून जास्त आपण गाळले. त्याच चौकटीत अमेरिकेच्या गल्फस्ट्रीम कंपनीच्या जी650ईआरचे 7,500 सागरी मैल 12,070 किलोमीटर झाले आहेत. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार. आपल्या पुरवणीवर विसंबून कुणी विमान घेतले, तर बिचारा न्यूयॉर्कच्या चारशे किलोमीटर अलीकडेच कोरडा पडेल.

संध्याकाळी वेंगुर्ले बंदरावर हे पान एका ओळखीच्या रापणकऱ्याला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, दाखवले. तो म्हणाला, "काकानू, ह्यां कोणी लिवल्यानी? दर्यातलो मैल आणि रस्त्यावरचो मैल एकच काय?" राज्याची मासेमारीची हद्द 12 सागरी मैलांची, म्हणजे 22 किलोमीटर. आपल्या पद्धतीने मोजली तर ती 19 वर येते. हा अंक परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरवाल्यांना जरूर पाठवावा. ते आपले आजीव वर्गणीदार होतील.

माझी सगळी नोकरी सांताक्रूझच्या हँगरमध्ये खासगी विमानांच्या देखभालीत झाली, त्यामुळे बाकीच्या गोष्टीही नजरेतून सुटल्या नाहीत. ज्या फोटोखाली 'फाल्कन' लिहिले आहे, त्या विमानाची शेपटी इंग्रजी टी अक्षरासारखी आहे. फाल्कनची तशी नसते, तिचे आडवे पंख उभ्या शेपटीच्या मध्यावर असतात. शिवाय 2024 मधली बोंबार्डिएची 146 आणि गल्फस्ट्रीमची 136 विमाने यांची बेरीज करून लेखकाने '282 महाकाय जेट विकली गेली' असे ठोकून दिले आहे. त्या आकड्यांत चॅलेंजर आणि जी280 ही मध्यम आकाराची विमानेही आहेत, हे दोन्ही कंपन्या लपवत नाहीत. आपण का लपवावे?

फाल्कन बनवणाऱ्या फ्रान्सच्या दासोने त्या वर्षी 31 विमाने दिली. त्यावरून 'फ्रेंचांना ग्राहकाची नाडीच कळली नाही' हा निष्कर्ष काढणे मात्र अन्याय आहे. नाडी कळली होती, इंजिन आले नाही. फाल्कन 5एक्ससाठी ठरवलेले सिल्व्हरक्रेस्ट इंजिन रखडत गेले आणि 2017 च्या अखेरीस दासोने ते विमानच रद्द केले. त्याच इंजिनाच्या भरवशावर सेसना मोठ्या केबिनचे हेमिस्फियर आणणार होती, तेही बारगळले. एका इंजिनापायी या गटातले दोन भिडू गारद झाले. दासोने दुसऱ्या कंपनीचे इंजिन घेऊन 6एक्स उभे केले, ते सेवेत यायला 2023 चा शेवट उजाडला. स्पर्धेची खरी गोष्ट ही होती आणि लेखात तिला एक ओळ नाही. सोफ्याचा पलंग कसा होतो, याला मात्र सबंध परिच्छेद आहे.

दुसरी गाळलेली गोष्ट मला जास्त बोचते. 2008 च्या मंदीनंतर छोट्या जेटचा बाजार कोसळला, मोठ्यांचा त्या मानाने तगला. तेव्हापासून सगळे कारखानदार वरच्या मजल्यावर जायला धडपडताहेत. बोंबार्डिएने सी सिरीज ही प्रवासी विमाने एअरबसला दिली, सीआरजे ही लहान प्रवासी विमाने मित्सुबिशीला दिली, लिअरजेट हे छोटे जेट बंद केले आणि फक्त बिझनेस जेट ठेवले. याच आवराआवरीत 2019 मध्ये तिने डॅश-8 विकून टाकले. डॅश-8 म्हणजे पंख्याचे, सत्तर-ऐंशी माणसांचे, लहान धावपट्टीवर उतरणारे विमान, आमच्यासारख्या गावांसाठीच केलेले. नव्या मालकाने 2021 मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. आज त्या आकाराचे नवे विमान हवे असेल तर व्यवहारात एटीआर सोडून पर्याय उरलेला नाही. वर जी700, जी800, ग्लोबल 7500, ग्लोबल 8000 आणि दासोचे येऊ घातलेले 10एक्स एकमेकांच्या उरावर बसलेत. खाली एकच दुकान.

आणि तरी आपला लेखक शेवटी लिहितो, 'ही स्पर्धा अखेरीस प्रवाशांच्याच फायद्याची आहे.' कोणत्या प्रवाशांच्या?

मला परुळ्याच्या सड्यावरची एक दुपार आठवते. चिपीहून, म्हणजे तिथल्या आमच्या सिंधुदुर्ग विमानतळावरून, मुंबईचे विमान तेव्हा चालू होते. मे महिना, दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला पुतणीचा साखरपुडा. बरोबर हापूसच्या दोन पेट्या. त्यातली एक वजनात बसेना, म्हणून जादा पैसे भरले आणि पावती खिशात ठेवली. सुरक्षा तपासणी झाली, बसलो. विमानाला थोडा उशीर आहे, मग आणखी थोडा, आणि मग 'तांत्रिक कारणास्तव रद्द'. जन्मभर तांत्रिक कारणेच दुरुस्त करत आलेल्या माणसाला कारण काय ते सांगायला काय हरकत होती? काउंटरवर विचारले. मुलगी म्हणाली, "काका, आम्हालाही मुंबईहून एवढंच कळवलंय." तिच्यावर राग नाही. ती आमच्याच बाजूची होती आणि लोकांची बोलणी एकटी खात होती. पण कंपनीचा एकही साहेब बाहेर आला नाही. माझ्या शेजारी एक पोरगा बसला होता, बोटीवर रुजू व्हायला निघालेला. तो फोनवर एजंटाच्या विनवण्या करत होता. पर्यायी गाडीची सोय काय, असे कुणीतरी विचारले, तर उत्तरादाखल हेल्पलाइनचा नंबर मिळाला. तो लागला नाही.

पेट्या परत मिळायची वाट बघत असताना ओळखीचा आवाज आला. तीन इंजिनांचे फाल्कन. काय देखणे उतरले! खोटे कशाला बोलू, डोळ्यांचे पारणे फिटले. डझनभर माणसे ऐसपैस बसतील अशा त्या विमानातून दोन माणसे उतरली, त्यातल्या एकाच्या पायात घरातल्या चपला होत्या. गाड्या उभ्याच होत्या, किनाऱ्यावरच्या कुठल्याशा रिसॉर्टकडे निघून गेल्या. आम्ही पन्नास-साठ माणसे सामान घेऊन बाहेर, रिक्षावाल्यांशी भाव करत.

मग कुडाळ स्टेशन. मे महिन्यात कोकण रेल्वेचे आयत्या वेळचे तिकीट मागणे म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या वाचकांना सांगायला नको. शेवटी रात्रीची खासगी बस, भाडे विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त. वर 2011 पासून चौपदरी होत असलेला आपला लाडका महामार्ग. दादरला पोचलो तोवर मुलीची ओटी भरून झाली होती आणि वडीलकीचा मान धाकट्या भावाने उरकून घेतला होता. अजून तो घरात त्यावरून मिशीत हसतो. खालच्या थरातले आंबे डागाळले. तिकिटाचे पैसे यथावकाश आले. जादा वजनाचे अजून यायचे आहेत. पावती माझ्याकडे आहे, कंपनीला हवी असल्यास दाखवीन.

मुद्दा असा की मोठे जेट घेणारा माणूस 8,000 मैल विकत घेत नाही. हँगरमध्ये अशा विमानांच्या लॉगबुका माझ्या हाताखालून जात. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकणारी विमाने, पण बहुतेक फेऱ्या दिल्ली, अहमदाबाद, फार तर दुबई. मालकाला हवे असते ते एवढेच की आपण निघायचे म्हटले की विमान निघाले पाहिजे. त्यासाठी तो सात-आठ कोटी डॉलर मोजतो आणि वर नव्या विमानासाठी रांगेत थांबतो. गल्फस्ट्रीमने जी700 जाहीर केले 2019 मध्ये, 2022 पासून द्यायचे होते, अमेरिकेची मंजुरी मिळाली मार्च 2024 मध्ये. 10एक्स 2025 मध्ये येणार होते, ते 2027 वर गेले. तरी गिऱ्हाईक हलत नाही. आम्हालाही हवे आहे ते नेमके हेच, वेळेवर निघणारे विमान. पण आमची गरज कुणाच्या 'मागणी'त मोजली जात नाही. छोट्या गावांच्या विमानसेवेसाठी असलेल्या सरकारच्या उडान योजनेत कंपनीची तूट भरून द्यायची मुदत होती तीन वर्षांची. ती सरली की पुढे काय, हे विचारायला आपल्या दैनिकाचे प्रतिनिधी कधी विमानतळावर आले का? उद्घाटनाला, 9 ऑक्टोबर 2021 रोजी, मात्र आले होते. मांडवात मीही होतो. लाडूही खाल्ला.

नागपूरचे आपण पूर्ण विसरलात. जून 2025 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात दासो आणि रिलायन्स यांनी फाल्कन 2000 नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बांधायचे जाहीर केले. फ्रान्सबाहेर पूर्ण फाल्कन जोडले जाण्याची ही पहिली वेळ, पहिले उड्डाण 2028 पर्यंत. मराठी दैनिकाच्या अर्ध्या पानात बोंबार्डिएचे मॉन्ट्रियल बसते, गल्फस्ट्रीमचे सव्हाना बसते आणि नागपूर बसत नाही! विदर्भातले वाचक काय ते आपल्याला लिहितीलच. मला एवढेच वाटते की आयटीआय करून परजिल्ह्यात जाणाऱ्या आमच्या मुलांना ती बातमी सोफ्याच्या पलंगापेक्षा उपयोगी पडली असती.

जाता जाता आणखी एक. आपल्या सिंधुदुर्ग पानावर पूर्वी रोज भरती-ओहोटीच्या वेळा येत. गणपतीनंतर ते कोष्टक गायब झाले आणि त्या जागी गृहकर्जाची जाहिरात आली. मी फोन केला, तेव्हा 'जागेअभावी' असे उत्तर मिळाले. काल ती जागा कशाला गेली, ते दिसले. मोबाइलवर वेळा बघता येतात, हे मला ठाऊक आहे. बंदरावरच्या म्हाताऱ्या रापणकऱ्यांना तो बारीक अक्षरातला पडदा दिसत नाही. ते पान भिंतीला चिकटवायचे.

सागरी मैलांची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत यावी. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. कोष्टक उद्यापासून आले तरी चालेल.

कळावे,
आपला एक जुना वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग