एन-९५ रुग्णाला नको, सेवा करणाऱ्याला हवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

घरात कुणाला फुप्फुसाचा क्षयरोग निघाला की मेडिकलमधून एन-९५ मास्क येतो आणि तो चढतो रुग्णाच्या तोंडावर. त्यातही बऱ्याचदा झडपेचा, म्हणजे 'दम लागत नाही' म्हणून. त्याची उठबस करणारी बायको किंवा सून मात्र पदर नाहीतर ओढणी नाकाला लावून वावरते. नेमके उलटे व्हायला हवे.

रुग्ण खोकतो तेव्हा बाहेर पडणारे थेंब ओले आणि तुलनेने मोठे असतात. तोंडासमोरच साधा तीनपदरी सर्जिकल मास्क असेल तर त्यातले बरेचसे तिथेच अडकतात. तो नसेल तर थेंब हवेत सुकतात आणि उरतात १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण. बंद खोलीत ते तासन् तास तरंगतात. असा कण श्वासावाटे आत येऊ द्यायचा नसेल तर सर्जिकल मास्क पुरत नाही, कारण गालांजवळच्या फटींतून हवा सरळ आत येते. पदराचे तर बोलायलाच नको. तिथे चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५च लागतो. आणि झडपेचा मास्क? श्वास सोडताना झडप उघडते, गाळणी बाजूलाच राहते. रुग्णाने तो घालणे म्हणजे न घातल्यासारखेच. करोनाकाळात, जुलै २०२० मध्ये, केंद्रीय आरोग्य खात्याने झडपेच्या मास्कविरुद्ध राज्यांना पत्र लिहिले ते याच कारणाने.

रुग्णाचा सर्जिकल मास्क घालताना रंगीत बाजू बाहेर, तार वर, चुण्यांची तोंडे खाली. 'आजारी असाल तर पांढरी बाजू बाहेर' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला निव्वळ थाप आहे. बाहेरचा थर पाणी अंगावर न घेणारा, आतला ओल शोषणारा. उलटा घातला तर ओल आत तोंडाशीच राहते. चुण्या हनुवटीखालपर्यंत उघडायच्या. बाजूला फट राहत असेल तर कानाच्या नाडीला मास्कच्या कडेलगत गाठ मारावी आणि सुटलेली कड आत दुमडावी. ओलसर झाला की बदलावा, धुऊन वापरू नये. सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच असते: खोकला आला की मास्क भिजेल म्हणून नेमका तेव्हाच तो खाली ओढला जातो! फोनवर बोलतानाही तेच.

सेवा करणाऱ्याच्या एन-९५चे सगळे काम कडांवर अवलंबून असते. रुग्णाच्या खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेरच तो घालावा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यावी. एका हाताने चिमटा काढला तर मधोमध टोक उभे राहते आणि दोन्ही बाजूंना फट पडते. मग मास्कवर दोन्ही हात अलगद ठेवून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे वारा लागला, चष्म्यावर वाफ आली तर पट्टी पुन्हा दाबावी. गालांकडे लागला तर पट्टे सरकवावेत. दोन-चार दिवसांची दाढी किंवा कडेखाली अडकलेली ओढणी, दोन्हींनी ही पकड सुटते. दाढीवाल्या मुलाने महागडा मास्क घालून बापाजवळ बसण्यापेक्षा आधी दाढी करावी.

काढताना आधी खालचा पट्टा, मग वरचा. पुढच्या भागाला हात लावू नये, नंतर साबणाने हात धुवावेत. हा मास्क त्याच व्यक्तीने पुन्हा वापरला तरी चालतो, पण कागदी पिशवीत ठेवून. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. धुणे, उन्हात तापवणे, सॅनिटायझर फवारणे यांतले काही करू नये. मधल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण तोच ओढून धरतो. पाण्याने, अल्कोहोलने तो जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो. पट्टे सैल पडले, मास्क मळला, ओला झाला किंवा श्वास जड वाटू लागला की टाकावा. विकत घेताना आयएसआयची खूण, 'आयएस ९४७३' हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि 'एफएफपी-२' हा एन-९५च्या तोडीचा वर्ग छापलेला पाहावा. नुसते 'एन-९५' कोणीही छापतो.

रुग्ण हवेशीर खोलीत एकटा असेल तर त्याने मास्क काढून खुशाल मोकळा श्वास घ्यावा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे मास्कइतकेच मोलाचे. औषधे नियमित लागू पडली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात मात्र डॉक्टर सांगेपर्यंत मास्क सोडू नये. ताट-वाटी वेगळी मांडण्यात काही अर्थ नाही, हा रोग भांड्यांतून पसरत नाही. माणूस उगाच दुखावतो तेवढे.

वापरलेल्या मास्कसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने करोनाकाळात सांगितलेली रीत इथेही वापरावी: कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवावा, मग कापून घरच्या कचऱ्यात टाकावा, म्हणजे तो पुन्हा कुणी वापरणार नाही.

आपले,
क्षयरोग कार्यक्रमातील काही परिचारिका व आरोग्यसेवक