नव्या पायऱ्यांसाठी महिनाभर थांबावे, म्हणून आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

उन्हाळा उतरला की लगेच इकडे वाळवंटातल्या आमच्या घरी येण्याचे तुम्ही ठरवले आहे, हे ऐकून फार बरे वाटले. परंतु दारापुढच्या काँक्रीटच्या पायऱ्या पाडून नव्याने बांधायचे नक्की झाले असल्यामुळे तुम्ही तुमचे येणे आणखी महिनाभर पुढे ढकलावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. चार पायऱ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, वरून सिमेंटचा जाड गिलावा दिला तर भागणार नाही का, असे बाबांनी फोनवर विचारले होते. आणि बांधल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांवरून चालता का येणार नाही, हा आईचा प्रश्न होता. फोनवर मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, सध्याच्या पायऱ्या नुसत्या झिजल्या असत्या तर तुमचा उपाय मी नक्की विचारात घेतला असता. पण त्या एका बाजूला कलल्या आहेत आणि घराच्या भिंतीपासून सुटून पुढे सरकल्या आहेत. म्हणजे दोष पायरीत कमी आणि तिच्या खालच्या जमिनीत जास्त आहे. वाऱ्याने किंवा क्वचित येणाऱ्या लोंढ्याने आणून टाकलेली वाळवंटातली बारीक माती पुष्कळदा फार सैल रचलेली असते; तिचे कण थोडी चिकणमाती, क्षार आणि चुन्याचा अंश यांच्या आधाराने एकमेकांना धरून राहतात. कोरडी असेपर्यंत ही जमीन चांगली टणक वाटते, पण पाणी मुरले की तो आधार विरघळतो किंवा मऊ पडतो आणि वरच्या भारासह जमीन एकाएकी खचते. त्यातून घराच्या पायालगतची माती ही पाया बांधून झाल्यावर खड्ड्यात परत लोटलेली भर असते, आणि तिच्यावर धुम्मस (माती ठोकून घट्ट करण्याचे अवजार) नीट चाललेली असेलच असे नाही. पाऊसच नाही तिथे पाणी कुठून मुरणार, असे तुम्ही विचाराल. ते घरातूनच येते. वातानुकूलन यंत्राची नळी पायऱ्यांच्या कडेलाच ठिबकत होती, शिवाय तिथल्या झाडांना रोज पाणी घातले जात होते. जिथे आभाळातून पाणी पडत नाही, तिथे माणसाने सांडलेले पाणीच पाया बुडवते, हे मला इथे राहून कळले.

म्हणून पहिले काम पाडण्याचे नसून पाणी तोडण्याचे आहे. नळी वळवून दूर नेली आहे आणि झाडांची आळी हलवली आहे. जुने काँक्रीट फोडल्यावर सैल माती घट्ट थर लागेपर्यंत काढली जाईल. नंतर तीच माती किंचित ओलवून साधारण 15 सेंटीमीटरच्या थरांत धुमसून भरायची आणि वर खडीचा थर द्यायचा. फोडलेल्या काँक्रीटचे तुकडे खड्ड्यातच पुरावेत म्हणजे वाहून नेण्याचा त्रास वाचेल, असे एकाने सुचवले होते. मी ते नाकारले, कारण मोठ्या तुकड्यांमधल्या पोकळ्यांत पुढे वाळू ओघळत जाते आणि पायऱ्या पुन्हा खचतात. खणताना चुन्याने बांधलेला, दगडासारखा पांढरट थर लागला तर भार पेलण्यासाठी तो उत्तमच; मात्र त्यातून पाणी खाली झिरपत नाही, त्यामुळे त्यावर तळे साचू नये असा उतार द्यावा लागतो.

गिलाव्याला माझा नकार असण्याची आणखी दोन कारणे आहेत. सर्वांत खालच्या पायरीला लोणा लागला आहे. जमिनीतला ओलावा क्षार घेऊन काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढतो, पृष्ठभागाशी येऊन उडून जातो आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक छिद्रांत वाढत गेले की वरचे पोपडे सुटू लागतात. अशा पृष्ठभागावर दिलेला गिलावा त्या पोपड्यांबरोबरच निघून येईल, आणि कोरडे जुने काँक्रीट त्यातले पाणी शोषून घेत असल्यामुळे तो मुळात नीट धरणारही नाही. शिवाय जमिनीत सल्फेट जातीचे क्षार असतील तर ते खुद्द सिमेंटवरच घाला घालतात. म्हणून नव्या पायऱ्यांना सल्फेटला तोंड देणारे सिमेंट वापरायचे, पाणी बेताचे म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या 0.45 पटीच्या आसपास ठेवायचे आणि खडीवर जाड प्लास्टिक अंथरायचे, असे ठरले आहे. दुसरे कारण साध्या हिशेबाचे आहे. प्रत्येक पायरीवर 25 मिलिमीटरचा थर चढवला तर मधल्या पायऱ्यांची उंची तीच राहते, पण सर्वांत खालची चढण, म्हणजे पाऊल उचलण्याची उंची, 25 मिलिमीटरने वाढते आणि दारापाशी, जिथे उंबरा हलवता येत नाही, तिथे तेवढ्यानेच कमी होते. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पावलाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे डोळे न लावता ते त्याच मापाने उचलले जाते. म्हणून एकाच जिन्यातल्या चढणींत 9 ते 10 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असू नये, असा दंडक अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत आहे. खालच्या आणि वरच्या चढणीत 50 मिलिमीटरचा फरक म्हणजे ठेच लागण्याची सोयच.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, कारण महिनाभराची मुदत मी त्याचसाठी मागत आहे. काँक्रीट वाळून घट्ट होते, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो, आणि तसे असते तर वाळवंटासारखी सोयीची जागा दुसरी कोणती नव्हती. प्रत्यक्षात सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. पाणी वेळेआधी उडून गेले की तो संयोग तिथेच थांबतो, आणि वरून पायरी कडक दिसली तरी तिचा पृष्ठभाग ठिसूळ राहून पुढे त्याची धूळ निघू लागते. त्याहूनही आधीचा धोका पहिल्या काही तासांतला आहे. ताजे काँक्रीट बसत असताना त्यातले थोडे पाणी आपोआप वर येते. ऊन, कोरडी हवा आणि वारा यांमुळे ते पाणी जितके वर येते त्याहून वेगाने उडू लागले, तर काँक्रीटमध्ये काही जोर येण्यापूर्वीच पृष्ठभाग आक्रसतो आणि तडे पडतात. दर चौरस मीटरमागे ताशी सुमारे 1 किलोग्रॅम पाणी उडत असेल तर सावध व्हावे, असा अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचा जुना ठोकताळा आहे, आणि वाळवंटातल्या भर दुपारी वारा असताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. यात वाऱ्याचा वाटा लोकांच्या लक्षात येत नाही. उन्हाला सगळे घाबरतात आणि आडोसा मात्र कोणी करत नाही.

काँक्रीट केव्हा ओतावे, यावर आमच्या मिस्त्रींशी माझी बरीच चर्चा झाली. पहाटे ओतावे असे माझे मत होते. त्यांचे म्हणणे असे, की सिमेंट घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडते. पहाटे ओतले तर ती उष्णता आणि दुपारचे ऊन एकदम गाठ घालतात, उलट संध्याकाळी ओतले तर तोच काळ थंड रात्रीत निघून जातो. त्यांचे म्हणणे मला पटले. अट एवढीच, की दिवसभर तापलेले फर्मे (काँक्रीट ओतायचे साचे), सळया आणि खडी यांवर दुपारपासून सावली धरायची आणि ओतण्यापूर्वी ते पाण्याने थंड करायचे, पण पाणी साचू द्यायचे नाही. मिश्रण ओतताना 35 अंश सेल्सिअसच्या आत असावे, यासाठी त्यात थंड पाणी किंवा थोडा बर्फ वापरता येतो. मिश्रण घट्ट वाटू लागले की गवंडी सवयीने वरून बादलीभर पाणी ओततात. ते मी आधीच मना केले आहे, कारण त्याने काम सोपे होते आणि पायरी कच्ची राहते. ओतायला सुरुवात खालच्या पायरीपासून करायची, फर्म्याच्या कडा ठोकून हवा बाहेर काढायची, आणि वरून गुळगुळीत घोटाई न करता झाडूने आडव्या रेघा ओढायच्या. घोटलेली पायरी छान दिसते खरी, पण तिच्यावर वाऱ्याने आलेली बारीक वाळू बसली की पाय घसरतो.

पुढे पाणी मारण्याचे काम. भारतीय मानक आयएस 456 मध्ये उष्ण आणि कोरड्या हवेतल्या काँक्रीटसाठी किमान 10 दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर 14 दिवसांपर्यंत ओल राखण्याची शिफारस आहे, आणि मी 14 दिवसच धरले आहेत. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणे इथे पुरत नाही; तासाभरात पायरी कोरडी पडते, आणि ओले-कोरडे होत राहणे तिला उलट मारक ठरते. म्हणून गोणपाट सतत भिजते ठेवून त्यावर प्लास्टिक झाकायचे आणि कडांवर विटा ठेवायच्या. तापलेल्या पायरीवर एकदम गार पाणीही ओतू नये, कारण वरचा थर झटक्याने आक्रसून चिरतो. आई, दोन-तीन दिवसांनी त्यांवरून हलके चालता येते, हे खरे. पण चालता येणे आणि पायरी पक्की होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या वयाला मोजतात, आणि कठड्याचे खांब भोके पाडून बसवायचे तर कोपरे तोपर्यंत मजबूत झालेले बरे. त्या काळात सगळे मागच्या दाराने ये-जा करतील. तिथली वाट अरुंद आणि खडबडीत असल्यामुळे सामान घेऊन तुम्ही तिथून यावे, हे मला नको आहे.

पायऱ्या भिंतीला चिकटवून बांधणार नाही, हे बाबांना विशेष सांगायचे आहे. दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांमुळे काँक्रीट रोज फुगते आणि आक्रसते. एका मीटरमागे दर अंशाला साधारण एक शतांश मिलिमीटर, म्हणजे दोन मीटरची पायरी 40 अंशांच्या फरकाने सुमारे 0.8 मिलिमीटर हलते. आकडा लहान असला तरी दोन्हीकडून जखडलेल्या पायरीला तो पुरतो. म्हणून भिंत आणि पायऱ्या यांच्यात दबणारी पट्टी घालून तिचे तोंड फट बुजवण्याच्या लवचिक लांबीने (लुकणाने) बंद करायचे. उघडी फट ठेवली तर ती वाळूने भरते आणि पायरीला फुगायला जागा उरत नाही.

मापे ठरवताना मात्र तुमचे गुडघे डोळ्यांपुढे होते. दोन चढणी आणि पाऊल ठेवण्याची एक रुंदी यांची बेरीज 60 ते 64 सेंटीमीटर असावी, हा हिशेब सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुविदाच्या सूत्रातून आला आहे आणि अजूनही चालतो. आताची चढण 19 सेंटीमीटरची आहे. ती साधारण 15 करून रुंदी 32 ठेवली, तर बेरीज 62च्या आसपास होते आणि चारांच्या पाच पायऱ्या होतात. त्यामुळे अंगणातली थोडी जागा जाईल, पण तिचा दुसरा उपयोगही नव्हता. प्रत्येक पायरीला पुढे किंचित ढाळ असेल, म्हणजे वर्षातून एखादाच मोठा पाऊस आला तरी पाणी भिंतीकडे वळणार नाही. फिकट काँक्रीट उन्हात कमी तापते, पण लखलखाटात सगळ्या कडा एकसारख्या दिसतात. म्हणून प्रत्येक पायरीच्या काठाशी गडद, खरखरीत पट्टी बसवायला सांगितले आहे. कठडा दोन्ही बाजूंनी असेल. लोखंडाचा उघडा कठडा दुपारी हाताला चटका देतो, तेव्हा त्याला जाड आवरण असेल आणि वर सावलीसाठी छप्परही येईल.

फर्मे बसवण्याआधी मला तुमच्याकडून दोन मापे हवी आहेत. आई, तुला न थांबता सहज चढता येते त्या पायरीची उंची बाबांकडून पट्टीने मोजून घे. ती 15 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर मी पायऱ्यांची संख्या बदलेन. आणि बाबा, चपला घालून सरळ उभे राहून, कोपर किंचित वाकवून तुमचा हात आधारासाठी जिथे सहज टेकतो, त्या जागेची जमिनीपासूनची उंची कळवा. कठड्याची उंची साधारण 86 ते 96 सेंटीमीटर ठेवतात, त्यात तुमचे माप बसते का ते पाहून मी मिस्त्रींना सांगेन. तिकिटे काढलेली असतील तर तीही पुढची करून घ्यावीत.

तुमची लेक