शुभे, जागा दाखव

प्रिय शुभे,

तुझे तिकडचे, इंग्लंडातले स्नोड्रॉपचे फोटो पाहिले. मला वाटलं बर्फात असतील, तर नुसता काळा ओला चिखल आणि त्यात मान खाली घालून उभी असलेली ती पांढरी फुलं. झूम करकरून पाहिली. बाहेरच्या तीन पाकळ्या लांब, आतल्या तीन आखूड, आणि त्या आतल्यांच्या टोकाला हिरवा ठिपका, तो तर आधी दिसलाच नव्हता. सकाळी गमबूट घालून चहाचा कप घेऊन तिथंच उभी राहतेस म्हणे. त्यावर बदामाची इमोजी टाकून भागणार नव्हतं, म्हणून हे लांबलचक. एका दमात वाचू नको.

आम्ही सगळे बरे. माझं बीपी गोळीवर आहे, ह्यांची शुगर आहे तेवढीच. तूर घरात आली, हरभरा घाट्यावर आहे, संत्र्याला आंबिया बहार फुटून राहिला, वावरातून आलं की कपड्यांना वास.

आता खरं ते सांगते. भाऊजींनी मागच्या आंगणात सिमेंटचे गट्टू बसवायचं ठरवलं. रुपालीचं लग्न एप्रिलमध्ये, मांडव मागंच पडणार, मिस्त्री शिवरात्र झाली की येणार. आणि त्या आंगणात काकूचा भुईचाफा आहे.

कुठं आहे ते विचारू नको, तिथंच तर घोडं अडलं. दिवाळी सरली की त्याची पानं वाळून जातात, मग वर काही म्हणजे काही राहत नाही, सपाट माती. मी खूण म्हणून वीट गाडून ठेवली होती, ती पोट्ट्यांनी क्रिकेटच्या स्टंपाला नेली. विहिरीचा ओटा आणि शेवगा यांच्या मधात कुठंतरी, एवढं पक्कं. पण ते मधात म्हणजे केवढं, तू पाहिलंच आहेस. ह्यांना सांगितलं तर म्हणे, जिथं काही दिसतच नाही तिथं वाचवायचं काय? यावर काय बोलणार तू सांग.

बरं, भाऊजींवर चिडावं तर तेही जमत नाही. मागच्या पावसाळ्यात सासूबाई तिथंच घसरल्या, मनगट मोडलं, अजून भाकरी थापताना हात थरथरतो. चिखल होतोच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गट्टू असे तापतील की अनवाणी पाय ठेवता येणार नाही, हे मी बोलून पाहिलं, तर म्हणे मे महिन्यात मागं जातंच कोण. आणि वरून एकदम प्रेमानं म्हणाले, वहिनी जागा दाखवा, मी चौकोन सोडतो. म्हणजे आता सगळं माझ्यावर! माणूस नाही म्हणाला असता तर भांडले तरी असते.

तुमच्या घरच्या जागी आता खताचं गोडाऊन आहे, विहिरीवरसुद्धा स्लॅब पडला. तिथला भुईचाफा गेला तो गेलाच. म्हणजे काकूचा म्हणावा असा हा एकच राहिला, आणि हे घरात कोणाला सांगावं तर 'एवढंच ना, नर्सरीतून दुसरा आणू' म्हणतील. मिळेलही. पण तो काकूनं पदरात बांधून आणलेला नसेल ना.

आणि हो, तो तिनं मला दिला होता, तुला नाही, हे एकदा लिहून ठेव. तुला दिला असता तर नलूताईच्या हळदीला जे केलंस तेच केलं असतंस. त्या वर्षीचं एकुलतं एक फूल, दिवसभराचंही आयुष्य नसतं त्याला, ते तोडून वेणीत खोचलंस, दुपारपर्यंत मलूल, आणि काकूचा धपाटा कोणाला? मला! माझ्या नवऱ्यालासुद्धा पाठ आहे ही गोष्ट.

तू लिहिलंस की तुमच्याकडं फुलं सरली की पानं हिरवी असतानाच गड्डे काढून एकमेकींना वाटता, वाळका कांदा धड लागत नाही. आमच्याकडं सगळं उलटं. याचं फूल आधी, तेही फाल्गुन-चैत्रात, देठ नाही पान नाही, थेट मातीतून, पांढऱ्यावर जांभळं. पान मागाहून पावसाबरोबर. शेवटी हळदीचाच भाऊबंद, झोपलेला असतानाच खणायचा. म्हणजे आत्ता. अंदाजानं कुदळ मारली तर कंदाचेच तुकडे. रोज संध्याकाळी पाणी मारते आणि सकाळी वाकून वाकून भेगा पाहते, शेजारची विचारून राहिली काय हरवलं म्हणून.

ते २०२२ मध्ये स्नोड्रॉपचा एक कांदा १८५० पाउंडला गेला, ते ह्यांना सांगितलं. विश्वासच बसेना. मग म्हणे, आपल्याकडं क्विंटलला १८५० रुपये मिळाले तरी माणूस पेढे वाटतो. आणि तो स्नोड्रॉप मुळात तिकडचा नाहीच बहुतेक, युरोपातून कोणीतरी आणून लावला, हे तू सांगितल्यापासून मला तो जास्तच आवडायला लागला. तुझ्यासारखाच, आला आणि पसरला. (वजनावर बोलत नाही.)

ईशाच्या परीक्षा झाल्या का? तुझ्या गुडघ्याचं काय झालं? जावईबापूंची नोकरी टिकली हे बरं झालं, सांग त्यांना.

आता काम ऐक. काकू गेल्यावर तू आलीस, चैत्र होता, मागच्या आंगणात तुझा फोटो काढला होता मी, मोरपंखी साडीतला. तुझ्याच फोनवर. तू ओट्याकडं तोंड करून बसली होतीस आणि डाव्या हाताला तो फुललेला होता, दोन फुलं होती, मला आठवते कारण तू हात लावायला गेलीस आणि मी ओरडले. तो फोटो शोध. शेवग्याच्या बुंध्यापासून किती हात ते दिसलं की झालं, चौकोन मी आखते. शिवरात्रीच्या आधी पाठव. आणि डोळे मिटलेले आले म्हणून डिलीट केला असशील तर तसं सरळ सांग, मी भाऊजींना म्हणते अख्खा पट्टाच सोडा.

तुझी,
वैजू