अनघाच्या नव्वदीपर्यंत

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू "माझ्या पन्नाशीला मी आणि अनघा दोघंही नोकरी सोडणार" म्हणालास आणि मी फटकन बोलून फोन ठेवला. ते राहू दे. हिशेब मात्र सोमवारपासून वहीवर मांडते आहे.

महिना ७०,००० खर्च, म्हणजे वर्षाला ८ लाख ४० हजार. त्याच्या पंचवीस पट, २ कोटी १० लाख साठले की सुटलो, असं तुझं म्हणणं. पंचवीस पटीचा आडाखा अमेरिकेतला. विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तिथल्या शेअर-रोख्यांच्या आकड्यांवरून मांडलेला, तोही पैसे तीस वर्षं पुरावेत एवढ्यासाठी. तू पन्नाशीला आलास की अनघा सेहेचाळीसची. ती नव्वदीपर्यंत जगली, तर चव्वेचाळीस वर्षं झाली. कर भरून उरलेलं व्याज महागाईइतकंच सुटेल असं धरलं (एफडीत तेवढंही सुटेलच असं नाही), तरी सुमारे ३ कोटी ७० लाख लागतात. महागाई सहा टक्के असेल तर खर्च बारा वर्षांत दुप्पट. तुझ्या बासष्टीला १ लाख ४० हजार, चौऱ्याहत्तरीला २ लाख ८० हजार. पुढे ती एकटी असेल, आणि एकटीचा खर्च निम्मा होत नाही रे. मेंटेनन्स तेवढाच, वीज जवळपास तेवढीच, वर रात्रीच्या सोबतीला ठेवलेल्या बाईचा पगार.

हे लिहायचं नव्हतं. पुढचं बघ.

ईपीएसच्या, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शनवर विसंबू नकोस. ती अठ्ठावन्नला पूर्ण मिळते. पन्नाशीला मागितलीस तर अठ्ठावन्नच्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी. पगार १५,००० च्याच मर्यादेत धरतात, म्हणून पस्तीस वर्षं नोकरी करूनही ती महिना ७,५०० च्या आसपास थांबते. तुझी त्याहून कमी, आणि तुझ्यामागे अनघाला त्याच्या निम्मी. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० येतात, पण पन्नाशीला नोकरी सोडली तर साठीनंतरच. अनघाची साठी तुझ्यानंतर चार वर्षांनी. मधली दहा-चौदा वर्षं साठ्यातूनच काढायची.

त्यातली पहिली पाचच धोक्याची. बाजार तेव्हाच पडला आणि घरखर्चासाठी फंड विकावे लागले, तर बाजार पुन्हा चढतो पण विकलेली युनिट्स परत येत नाहीत. म्हणून तीन वर्षांचा खर्च, २५ लाख २० हजार, एफडीत वेगळा ठेव.

आणि मेडिक्लेम! कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स नोकरीबरोबर जातो. स्वतःच्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. तुला आता सत्तेचाळीस, म्हणजे ती याच महिन्यात घ्यायला हवी. बीपीच्या गोळ्या अर्जात लिही. लपवलंस तर क्लेम नाकारतील, आणि तेव्हा कागद घेऊन खेटे अनघालाच घालावे लागतील.

पुन्हा तिथेच आले. माफ कर, माझी नोकरीतली काउंटरवरची सवय जात नाही. तिसरीत तू पाढ्यांच्या वहीमागे "बोरं २५ पैसे, उरले ७५" लिहायचास. बाबा ती वही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. तुझा हिशेब चुकत नाही, हे मला माहीत आहे. यात फक्त माणूस एक धरलंस.

एक सुचवते, ऐकलंच पाहिजे असं नाही. तू पंचावन्नला थांब. किंवा तू पन्नाशीलाच थांब, पण अनघाला आणखी पाच-सहा वर्षं करू दे, तिला ते काम आवडतं. तिच्या कंपनीच्या विम्यात तूही राहशील, पीएफ वाढेल, साठ्याला तेवढी वर्षं हात लागणार नाही. तिला विचारलंयस ना? फोनवर ती एक शब्द बोलली नाही.

खाती "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी करून घे. पीएफचं नॉमिनेशन तपास, लग्नाआधीचं असेल तर तिथे अजून माझंच नाव असेल. आणि एक महिना सगळी बिलं, हप्ते, पासवर्ड तिच्या हाती दे, तू बघू नकोस. कुठे अडतं ते लगेच कळेल.

गणपतीला याल तेव्हा आकडे घेऊन या. मांडून मात्र अनघाने दाखवावेत.

तुझी,
आई