जीमॅटचा ‘व्हर्बल’ विभाग आणि शब्दांच्या याद्या

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परदेशातील व्यवस्थापन शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या जीमॅट परीक्षेच्या तयारीवर आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत अलीकडे एक लेख आला होता. ‘व्हर्बल’, म्हणजे इंग्रजी भाषेच्या, विभागातील गुण वाढवण्यासाठी रोज वीस इंग्रजी शब्द पाठ करावेत आणि व्याकरणाचे नियम घोटून घ्यावेत, असा त्यातील मुख्य सल्ला होता. त्यापैकी व्याकरणाचा भाग काही वर्षांपूर्वीपर्यंत उपयोगाचा होता. आज या सल्ल्याने विद्यार्थ्यांचे महिने वाया जातील असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये या परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून तीच एकमेव राहिली. तिच्यातून वाक्यदुरुस्तीचे प्रश्न पूर्णपणे वगळण्यात आले. आता व्हर्बल विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात आणि ते दोनच प्रकारचे असतात: उताऱ्याचे आकलन आणि युक्तिवादाची चिकित्सा. शब्दसंग्रहाची परीक्षा घेणारे प्रश्न जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या दुसऱ्या परीक्षेत असतात. दोन परीक्षांच्या तयारीची सरमिसळ झाल्यामुळे शब्दांच्या याद्या जीमॅटच्या विद्यार्थ्यांच्याही गळ्यात पडल्या असाव्यात. शिवाय 205 ते 805 या एकूण गुणांत आता गणित, व्हर्बल आणि माहितीचे विश्लेषण या तिन्ही विभागांचा वाटा सारखा आहे. त्यामुळे ‘गणितात भरून काढू’ हा आपल्या अभियंत्यांचा जुना हिशेब पूर्वीइतका जमत नाही.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला तर्कशास्त्र शिकवत असे. हा विषय बहुतेकांनी ‘सोपे गुण मिळतात’ म्हणून घेतलेला असायचा, ही गोष्ट अलाहिदा. निवृत्तीनंतर शेजारची एक मेकॅनिकल अभियंता मुलगी जीमॅटचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा त्यातील अर्धे प्रश्न मला ओळखीचे वाटले. तिने ज्या शिकवणीचे शुल्क भरले होते, त्या शिकवणीने तिला तीन हजार शब्दांची यादी आणि वाक्यदुरुस्तीची जाडजूड पुस्तिका दिली होती. परीक्षेतून तो प्रश्नप्रकारच गेला आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

युक्तिवादाचा प्रश्न कसा असतो, हे मराठीतच दाखवतो. ‘एका शहराने मुख्य रस्त्यावर गतिरोधक बसवले. पुढच्या वर्षी त्या रस्त्यावरील अपघात निम्म्यावर आले. म्हणजे गतिरोधकांमुळे अपघात घटले.’ हा निष्कर्ष सर्वात जास्त दुबळा करणारा पर्याय कोणता? एक पर्याय म्हणतो की गतिरोधकांमुळे गाड्यांचे नुकसान होते. दुसरा म्हणतो की त्याच वर्षी शहराबाहेरून वळणरस्ता सुरू झाला आणि मुख्य रस्त्यावरची वाहने निम्म्याने कमी झाली. पहिला पर्याय साताऱ्याच्या माणसाला विशेष मोहवतो, कारण तो त्याच्या कंबरेच्या अनुभवाचा आहे. पण गाडीचे नुकसान झाले तरी अपघात घटण्याचे कारण तेच राहू शकते. दुसरा पर्याय घटीचे वेगळे कारण पुढे ठेवतो आणि निष्कर्षाखालची जमीनच काढून घेतो. पहिला पर्याय निवडणाऱ्याला इंग्रजी येत नाही असे मुळीच नाही. निष्कर्ष नेमका कशाबद्दल आहे, हे त्याने धरून ठेवलेले नसते, एवढेच.

गृहीतक विचारले असेल तर ते उलटे करून पाहावे. ‘त्या वर्षात रस्त्यावरील वाहतूक फारशी घटली नाही’ हे वरच्या युक्तिवादातील न बोललेले गृहीतक आहे. ते नाकारले की युक्तिवाद कोसळतो, आणि ज्या पर्यायाच्या नकाराने काहीच कोसळत नाही तो सोडून द्यावा. ही कसोटी हाताला बसायला दोन-तीन आठवडे लागतात. यादीतील तीन हजार शब्दांना किती लागतात याचा हिशेब मी केलेला नाही.

उताऱ्यांच्या बाबतीत मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची एक खरी अडचण असते आणि ती वाक्यरचनेची आहे. आपण ‘जो माणूस काल आला, तो…’ असे आधी सांगून मोकळे होतो. इंग्रजी मात्र कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दोन-दोन ओळींचे उपवाक्य घुसवते, आणि तिथपर्यंत पोहोचेतो मुलांच्या हातून कर्ता निसटलेला असतो. म्हणून लांब वाक्यात प्रथम कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधायचे, बाकीचे नंतर वाचायचे, अशी सवय मी त्या मुलीला लावली. यादी करायचीच असेल तर ती लहान शब्दांची करावी. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आणि ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, हा फरक, ‘अनलेस’मध्ये लपलेला नकार, ‘ऑनली’ वाक्यात कुठे बसला आहे यावरून बदलणारा अर्थ. उत्तरे चुकतात ती बहुधा अशा शब्दांवर. अवघड वाटणारा शब्द संदर्भाने पुष्कळदा उलगडतो.

आमचा क्रम साधा होता. ती रोज आपल्याच दैनिकाचा अग्रलेख वाचून वहीत तीन ओळी लिहीत असे: लेखकाचे म्हणणे काय, त्याची कारणे कोणती, आणि न सांगता त्याने काय धरून चालले आहे. (आपल्या काही अग्रलेखांची तिसरी ओळ फार लांब व्हायची, हे नम्रपणे नोंदवतो.) मग तेच काम इंग्रजी लेखावर. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे ‘चुकीचा पर्याय मला बरोबर का वाटला’ आणि ‘बरोबर पर्याय मी का टाकला’ अशी दोन वाक्ये लिहायची, आणि ती लिहून झाल्याशिवाय पुढचा प्रश्न सोडवायचा नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत मिळतात. पहिली सुरुवातीला दिली तेव्हा तिला व्हर्बलमध्ये 77 गुण पडले. दुसरी तीन महिन्यांनी दिली, त्यात 82. प्रत्येक विभागाची मोजपट्टी 60 ते 90 अशी असल्याने या पाच गुणांचे वजन दिसते त्यापेक्षा जास्त आहे.

हे केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरते नाही. आयआयएमच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट परीक्षेतही 2024 मध्ये भाषेच्या 24 प्रश्नांपैकी 16 उताऱ्यांवर होते आणि उरलेले परिच्छेदाचा सारांश, वाक्यांचा क्रम अशा स्वरूपाचे.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला ‘इंग्रजी शब्दसंपदा’ हा चौकोन येतो. त्या जागी महिन्यातून निदान दोनदा असा एखादा छोटा युक्तिवाद, चार पर्याय आणि पुढच्या अंकात प्रत्येक पर्यायाचे स्पष्टीकरण छापता येईल का, याचा विचार व्हावा. चुकीचे पर्याय का चुकले हेही त्यात यावे, केवळ उत्तराचे अक्षर नको. पहिले दहा-बारा युक्तिवाद मराठीत तयार करून देण्याची माझी तयारी आहे आणि त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तर्कशास्त्र शिक्षक, सातारा