बाबांच्या खोकल्याचं काय?

धायरी, पुणे
फेब्रुवारी २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, पुण्यातल्या जीबीएसच्या (गियाँ-बारे सिंड्रोम या आजाराच्या) बातम्या बघून काल फोनवर तू रडलीस, ते मनातून जाईना. म्हणून सविस्तर लिहिते.

जीबीएस एकापासून दुसऱ्याला होत नाही गं. बहुतेकदा आधी दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जंतू पोटात जातात, जुलाब होतात, आणि मग मोजक्या लोकांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. हातापायांतली ताकद जाते, कधी व्हेंटिलेटर लागतो. आजार साधा नाहीच, पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. पेशंट जास्त सापडले तो पुण्याजवळचा नांदेड गाव, किरकटवाडी हा सगळा पट्टा आम्हाला लागूनच, म्हणून आम्ही पाणी उकळूनच पितो. उकळायला हवं हेसुद्धा बातम्यांमुळेच घरोघरी पोचलं, ते मान्यच.

पण तुमच्याकडे टीव्ही दिवसभर चालू. तेच स्ट्रेचर, तीच आयसीयूची काच, खाली लाल पट्टी. सकाळी पाहिलेला पेशंट रात्री पुन्हा दिसला की मन त्याला नवाच धरतं. आणि पट्टीवरचा पेशंटांचा आकडा पहिल्या दिवसापासूनचा एकूण असतो, घरी गेलेले त्यातून वजा होत नाहीत. तुमच्या वयाची माणसं घाबरून बसतात आणि हे कोणी नीट सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

२००९ आठवतंय? ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद, थिएटरं बंद, मास्कसाठी मारामारी, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. २०१५ मध्ये त्याच आजाराने देशात कितीतरी जास्त बळी घेतले, पण तशी घबराट मला पुन्हा दिसली नाही.

बाबा, आता तुमचं. संक्रांतीपासून तुम्ही खोकताय. बोलता बोलता थांबता, आणि "थंडीचा आहे" म्हणून विषय बदलता. क्षयाने आपल्याकडे वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं जातात, आणि तो हवेतून पसरतो. त्याची लाल पट्टी कधी पाहिलीत? दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात फुकट होते. बहुधा काही निघणार नाही. तरी सोमवारी आईला घेऊन जाच, आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

आई, बातम्या सकाळी एकदा, रात्री एकदा, बास. बाकी मी रोज फोन करतेच.

तुमची,
मनू